न दिसलेले नऊ सेकंद

“पुन्हा एकदा सांगा अण्णा, ती स्कूटर आली कुठून?”

“आली न्हाय साहेब, उगवली. रस्ता मोकळा व्हता. आन् एकदम डाव्या अंगाला धाडदिशी आवाज. जमिनीतनं उगवली म्हना.”

मी मान हलवली आणि वहीत लिहिलं : उगवली. दोन महिन्यांत अण्णांच्या, म्हणजे निवृत्ती शेवाळे यांच्या, तोंडून हा शब्द मी तिसऱ्यांदा ऐकत होतो. माझ्या शर्टाच्या खिशात एक पेन ड्राइव्ह होता आणि त्यात काय आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली. मी तेव्हा विमा कंपन्यांसाठी अपघातांचा तपास करायचो. अपघात झाला, दावा दाखल झाला, की कंपनी मला पाठवायची. जागा बघायची, रस्ता मोजायचा, माणसांशी बोलायचं, अहवाल लिहायचा. अकरा वर्षांत मी इतकी खोटी माणसं पाहिली होती, की खोटं बोलणारा मला पायरीवरूनच ओळखू येतो असा माझा समज झाला होता. खोटं बोलणारा माणूस तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा म्हणतो, कारण त्याने ते पाठ केलेलं असतं. अण्णा तेच करत होते.

अण्णा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. वय बासष्ट. एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही अपघात नाही, त्याबद्दल महामंडळाने दिलेला बिल्ला ते अजून सदऱ्याला लावायचे. निवृत्तीनंतर ते कराडला डॉक्टर विजया क्षीरसागर यांची गाडी चालवत. डॉक्टर बाळंतपणाच्या. आठवड्यातून दोनदा पाटणला त्यांचा दवाखाना असायचा. त्या दिवशी सकाळी त्यांना पाटणला सोडून अण्णा रिकामी गाडी घेऊन परत येत होते. तांबेवाडीच्या फाट्यापाशी, वळणावर, गाडीची डावी बाजू एका स्कूटरला लागली आणि स्कूटरवरची बाई रस्त्याकडेच्या चरात जाऊन पडली.

पोलिसांनी चूक बाईची धरली. स्कूटर अचानक आली, असं अण्णांनी सांगितलं; म्हणजे बाई वाडीच्या रस्त्यावरून न बघता मुख्य रस्त्यावर आली, असं त्यांनी धरलं. फाट्यावरच्या पानटपरीवाल्याने आवाज झाल्यावर मान वर केली होती, त्यानेही तेच सांगितलं. आणि बाईला स्वतःला काहीच सांगता येत नव्हतं.

तिचं नाव शालन यादव. तांबेवाडीची आशा सेविका. मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती ओसरीत पलंगावर होती, खुब्यात सळई घातलेली, पलंगाला वॉकर टेकवलेला. डोक्याला मार लागल्यामुळे त्या सकाळचा चहा केल्याचं तिला आठवत होतं आणि त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. मधलं सगळं पुसलं गेलेलं.

“फोनवर बोलत आसंल,” तिचा नवरा उंबऱ्यात उभा राहून म्हणाला. तानाजी त्याचं नाव. “गरोदर बायकांचे फोन येत्यात दिवसभर. किती येळा सांगितलं, गाडीवर फोन घेऊ नगंस.”

तो आत गेल्यावर शालन मला हळूच म्हणाली, “साहेब, दावा वकिलांनी घातलाय. पण माझीच चूक असणार. ते काका येवढी वर्षं एसटीवर होते म्हणं. त्यांची कशी असंल?” आणि थोडं थांबून, “त्यांना लागलं नाही ना?”

मी हे सगळं नीट लिहून घेतलं. डॉक्टरांच्या गाडीचा विमा ज्या कंपनीकडे होता तिच्या दृष्टीने केस सोपी होती. अहवाल जवळपास तयार होता.

राहिली होती फक्त गाडी. ती दोन महिने गॅरेजमध्येच पडून होती, कारण समोरचा दिवा आणि आतलं काही सामान यायचं होतं. मी शेवटचे फोटो काढायला गेलो आणि आतल्या आरशामागे, काचेला चिकटवलेला एक काळा चौकोन दिसला. आगपेटीहून थोडा मोठा. डॅशकॅम. डॉक्टरांच्या पुण्याच्या मुलाने दिवाळीत बसवून दिलेला. डॉक्टर विसरून गेल्या होत्या आणि अण्णांना तो आरशाचाच भाग वाटत होता. पोलिसांनी विचारलंच नव्हतं. हे कॅमेरे जुनं पुसत नवं टिपत राहतात, पण जोराचा धक्का बसला तर तेवढा तुकडा बाजूला जपून ठेवतात. डॉक्टरांना फोन करून परवानगी घेतली, कार्ड काढलं आणि घरी जाऊन लॅपटॉपला लावलं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीत सरळ झालो. दुसऱ्यांदा पाहताना घड्याळ लावलं. शालन त्या पडद्यावर नऊ सेकंद होती. लपलेली नाही, झाडाआड नाही, धुक्यात नाही. भर उन्हात, पिवळ्या साडीत, नऊ सेकंद.

म्हणजे अण्णा खोटं बोलत होते. आणि एकतीस वर्षांचा बिल्ला लावून बोलत होते. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. अकरा वर्षांत असा मासा गळाला लागला नव्हता. रविवारी सकाळी कराडचा दवाखाना बंद असताना मी डॉक्टरांना आणि अण्णांना तिथे बोलावलं. फक्त “थोडं विचारायचं आहे” एवढंच सांगितलं.

गरोदर बायकांना व्यायाम दाखवण्यासाठी डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही होता. मी त्याला पेन ड्राइव्ह लावला.

“हे काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“त्या दिवसाचं चित्रण. तुमच्या गाडीतल्या कॅमेऱ्यातलं.” बोलताना मी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. हीच ती वेळ असते. माणूस एक क्षण गोठतो, मग पाणी मागतो.

अण्णा उठले आणि खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी समोर, हातभर अंतरावर बसले. “लावा की मग,” ते म्हणाले. “बरं झालं. आता कळंल तरी कुटनं आली ती.”

मी सुरू केलं.

रस्ता उजवीकडे वळतो. समोरून एसटी येतेय. डावीकडे वाडीचा रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो, तिथे शालन स्कूटर थांबवून, एक पाय जमिनीवर टेकवून उभी आहे. उजवीकडे बघते. डावीकडे बघते. एक मालट्रक जाऊ देते. पुन्हा उजवीकडे बघते. मग निघते, डावीकडे वळते आणि पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून, रस्त्याच्या अगदी कडेने चालू लागते. अण्णांची गाडी तिच्या जवळ येत जाते. एसटीला वाट देण्यासाठी गाडी किंचित डावीकडे सरकते. पिवळी साडी काचेच्या डाव्या कोपऱ्यात मोठी होत होत जाते. धक्का.

मी थांबवलं.

“बगा,” अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती. “म्हनलं न्हवतं? कोन हाय का रस्त्यावर? ट्रक गेला, एसटी तेवढी आली. मग आवाज.”

इतका निर्ढावलेला माणूस मी पाहिला नव्हता. “अण्णा,” मी म्हणालो, “थट्टा करताय का?”

“थट्टा कशापायी करू?”

मी चित्रण मागे नेलं आणि शालन रस्त्याच्या तोंडाशी उभी होती तिथे थांबवलं. “ही कोण आहे?”

“कुटं?”

“ही काय! समोर!”

अण्णा पडद्याच्या मध्ये बघत होते, वळणाकडे, जिथे एसटीचं तोंड दिसत होतं. त्यांनी डोळे बारीक केले. “एसटी हाय. सातारा डेपोची दिसतीय.” त्यांना पाटीवरची अक्षरं वाचता येत होती. मला सुद्धा ती लागली नव्हती.

मी पुढे होऊन पडद्याच्या डाव्या भागावर, शालनच्या अंगावर, बोट टेकवलं. त्यांची नजर हलली नाही. माझा हात तिथे आहे हेच त्यांना कळलं नव्हतं.

“केंजळे, थांबा,” डॉक्टर मला म्हणाल्या.

त्यांचा आवाज बदलला होता. त्या उठल्या आणि टीव्ही व अण्णांच्या मध्ये जाऊन, अण्णांच्या समोर स्टुलावर बसल्या. “अण्णा, माझ्या नाकाकडे बघा. फक्त नाकाकडे. मान हलवायची नाही. माझं बोट दिसलं की सांगा.”

“आता हे काय काढलं बाई?”

“बघा म्हणते ना.”

त्यांनी डावा हात बाजूला लांब पसरला आणि बोट हलवत हलवत हळूहळू आत आणायला सुरुवात केली. मला, बाजूला उभं राहूनही, ते केव्हाच दिसलं होतं. बोट त्यांच्या खांद्याशी आलं. अण्णा शांत बसून होते. बोट गळ्याच्या रेषेत आलं. अण्णा वाट बघत होते. बोट डॉक्टरांच्या गालाजवळ, कानापासून चार अंगुळं आत आलं.

“हां, दिसलं,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या बाजूने तसंच. वरून तसंच.

“अण्णा, तुम्हांला समोरचं सगळं दिसतं,” त्या म्हणाल्या. “बाजूचं दिसत नाही. नळीतून बघावं तसं दिसतंय तुम्हांला. काचबिंदू असावा. दुखत नाही, खुपत नाही, कळतच नाही. मेंदू उरलेलं स्वतः भरून टाकतो.”

“पर मी पेपर वाचतो, बाई. लायसनला समदी अक्षरं वाचली.”

“अक्षरं समोर असतात अण्णा.”

डॉक्टर बाजूला झाल्या आणि अण्णा पुन्हा टीव्हीकडे वळले. मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी पडद्याच्या मध्यावर नजर लावली आणि मान, अगदी सावकाश, डावीकडे वळवायला सुरुवात केली. अंधारात भिंत चाचपावी तशी. मान वळत वळत त्या कडेला पोचली आणि थांबली. त्यांचे ओठ उघडे राहिले.

“बाई,” ते म्हणाले. “बाई, हिथं मानूस हाय.”

त्यांनी बोट पडद्याकडे नेलं.

“पाय टेकवून उभी हाय ती. उभी ऱ्हायलीय. थांबलीय की वो ती!” त्यांनी मान परत मध्ये आणली. “गेली.” पुन्हा डावीकडे नेली. “आली.” असं त्यांनी तीन-चार वेळा केलं. शाळेत पहिल्यांदा चुंबक हातात आलेल्या पोरासारखं. पण त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

मग काहीतरी आठवून ते ताडकन उठले. खुर्ची मागे पडली.

“आज सकाळी मी छकुलीला सोडली नाचाच्या क्लासला.”

छकुली ही डॉक्टरांची, त्यांच्याजवळ राहणारी नात. मोठी गाडी गॅरेजमध्ये असल्यामुळे दोन महिने अण्णा डॉक्टरांची दुसरी, लहान गाडी चालवत होते. रोज. शाळेपुढच्या गर्दीतून. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. अण्णांनी खिशातून किल्ली काढली, तिच्याकडे बघितलं आणि टेबलावर ठेवली. ती टेबलाच्या काठावर, अर्धी बाहेर ठेवली गेली आणि खाली पडली. ती कुठे पडली हे त्यांना दिसलं नाही. मी उचलली.

“साहेब,” ते मला म्हणाले, “त्या ताईकडं न्या मला.”

“अण्णा, आधी ऐका. पोलिसांच्या कागदात चूक तिची आहे. हे चित्रण बाहेर आलं तर गुन्हा तुमच्यावर फिरेल. तुमचा बिल्ला, तुमचं नाव…”

“मला दिसत न्हाय हे मला ठावं न्हवतं.” ते दरवाजाकडे चालू लागले होते आणि चौकटीला डावा खांदा घासून गेला. “आता ठावं हाय.”

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदूवर शिक्कामोर्तब केलं. त्याच दुपारी कंपनीच्या साहेबांचा मला फोन आला. त्यांना मी चित्रणाबद्दल सांगून ठेवलं होतं.

“केंजळे, ते कोणी मागितलंय का आपल्याकडे?”

“नाही सर.”

“पोलिसांनी?”

“नाही.”

“मग आपण कशाला उठून द्यायचं? अहवालात लिहा, चित्रण अस्पष्ट. विषय संपला.”

मी “बघतो” म्हणालो. अकरा वर्षांत असं “बघतो” मी कितीदा म्हणालो होतो आणि पुढे काय केलं होतं, ते मला माहीत आहे. पण या वेळी तांबेवाडीला जायचं ठरलेलं होतं, आणि अण्णा मंगळवारी सकाळी सातपासून माझ्या घराच्या पायरीवर येऊन बसले होते. एसटीने आले होते. प्रवासी म्हणून.

शालनच्या ओसरीत मी लॅपटॉप पलंगावर ठेवला. डॉक्टर तिच्या शेजारी बसल्या. तानाजी खांबाला टेकून उभा होता. अण्णा अंगणातच थांबले. आत या म्हटलं तरी येईनात.

“धक्क्याच्या आधी मी थांबवते,” डॉक्टरांनी तिला सांगितलं. “ते तू बघू नकोस.”

चित्रण सुरू झालं. शालनने आधी स्वतःला ओळखलंच नाही. मग हात तोंडावर गेला.

“ही माझी साडी.”

पडद्यावरच्या शालनने पाय टेकवला. पलंगावरची शालन पुढे वाकली, इतकी की खुब्यावर ताण येऊ नये म्हणून डॉक्टरांनी तिला धरलं. पडद्यावरची उजवीकडे बघत होती, डावीकडे बघत होती, ट्रक जाऊ देत होती. दोन्ही हात हँडलवर होते. हातात फोन नव्हता, कानालाही नव्हता. एकदा तिने पदर खोचून घेतला. आणि ट्रक गेल्यावर, निघायच्या आधी, पुन्हा एकदा उजवीकडे बघितलं.

“परत लावा,” शालन म्हणाली.

मी परत लावलं. सहा वेळा लावलं असेल. प्रत्येक वेळी ती बोटाने मोजत होती. सहाव्यांदा तिचं बोलणं कुजबुजीसारखं झालं, “बघितलं. बघितलं. थांबले. बघितलं.” स्वतःच्या आयुष्यातला हरवलेला तुकडा तिला कोणीतरी दारात आणून दिला होता आणि तो तिला घट्ट धरून ठेवायचा होता. सेकंद नऊच. पण गेले दोन महिने तिने स्वतःला जे काही म्हटलं होतं ते सगळं त्यांत विरघळताना मी पाहत होतो.

मग तिने मान वर केली. “अहो. बघितलंत?”

तानाजी खांब सोडून खाली बसला होता. दोन्ही हातांत डोकं. “बगितलं,” तो म्हणाला. “शालन, बगितलं गं.”

तिने अंगणाकडे पाहिलं. “काका, आत या ना.”

अण्णा आत आले. हात जोडले, पण तिच्याकडे नाही, थोडे बाजूला. ती नेमकी कुठे बसलीय ते त्यांना पटकन सापडलं नाही. शालनने वॉकर ओढला, कशीबशी उभी राहिली आणि सरकत सरकत त्यांच्या बरोबर समोर जाऊन उभी राहिली.

“आता दिसते का मी?” तिने विचारलं.

अण्णांनी मान डोलावली.

“डोळ्यांत औषध घालायला लागंल रोज,” ती म्हणाली. आशा सेविकेच्या आवाजात, घरोघरी सांगते तसं. “चुकवायचं नाही. एक दिवस चुकवायचं नाही.”

मी अहवालात जे पाहिलं ते सगळं लिहिलं, सेकंदांसकट, आणि कार्ड सीलबंद करून डोळ्यांच्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह शालनच्या वकिलांकडे पोचतं केलं. त्या कंपनीने मला नंतर काम दिलं नाही. दावा दीड वर्ष चालला आणि शालनच्या बाजूने लागला. अण्णांनी फौजदारी कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला, लायसन परत केलं. औषधामुळे जेवढी नजर उरली होती तेवढी टिकली. शालन पुन्हा वाडीत फिरू लागली, जरा लंगडत.

पण त्या सगळ्यात, दाव्याच्या सुनावणीतला अण्णांच्या साक्षीचा दिवस वेगळा होता. मी मागच्या बाकावर बसलो होतो. न्यायाधीशांनी चित्रण दोनदा पाहिलं होतं. अण्णा साक्षीच्या पिंजऱ्यात ताठ उभे होते, इस्त्रीचा सदरा, सदऱ्याला काहीही लावलेलं नाही. कंपनीचे वकील तरुण होते, हुशार होते. जबाबाचा कागद हलवत ते म्हणाले, “पोलिसांना तुम्ही सांगितलंत, स्कूटर अचानक आली. आता म्हणता ती आधीपासून रस्त्यावर होती. यातलं खरं कुठलं?”

“दोन्ही खरं हाय, साहेब.”

कोर्टात कोणीतरी हसलं. वकिलांनाही हसू आलं. “शेवाळे, दोन्ही खरं कसं असेल? सरळ सांगा. तुम्ही त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी ती स्कूटर पाहिली होती का?”

“न्हाय.”

“मग ती तिथे होती हे तुम्ही शपथेवर कसं सांगू शकता?”

अण्णांनी मान वळवली. सावकाश, पूर्ण, अगदी खांद्यापर्यंत, जशी आता ते प्रत्येक गोष्टीसाठी वळवायचे. वॉकरवर हात ठेवून बसलेली शालन त्यांच्या नजरेत येईपर्यंत वळवली आणि तिथेच ठेवली.

“मी बगितली न्हाय, साहेब,” ते म्हणाले. “पन ती व्हती.”

न्यायाधीशांनी टंकलेखकाकडे पाहिलं. तो थांबला होता.

“लिहा,” न्यायाधीश म्हणाले. “साक्षीदाराच्या शब्दांतच लिहा.”